फोनमधला फोटो म्हणजे जागेचा पंचनामा नव्हे

पाऊस ओसरला की गोव्यात डोंगरावर जेसीबी चढतात आणि गावोगावच्या ग्रुपवर एकच संदेश फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: ‘डोंगरकापणी किंवा शेतात मातीचा भराव दिसला की फोटो काढा आणि ग्रुपवर टाका. प्रत्येक फोटोत जागेची नोंद आपोआप असते. ती काढली की सर्व्हे नंबरासकट नकाशा तयार. जीपीएसचा फोटो कोर्टसुद्धा नाकारू शकत नाही.’

हेतूबद्दल तक्रार नाही. विनापरवाना डोंगर कापायला आणि सखल जमीन बुजवायला नगरनियोजन कायद्याच्या १७-अ कलमाने बंदी आहे, आणि ती मोडली जाते हे बघायला फार लांब जावे लागत नाही. पण या संदेशावर विसंबून केलेली तक्रार पहिल्याच सुनावणीत लंगडी पडू शकते, म्हणून त्यातले एकेक वाक्य तपासायला हवे.

‘प्रत्येक फोटोत जागेची नोंद आपोआप असते.’ नसते. फोटोच्या फाईलमध्ये चित्राबरोबर माहितीचा एक छुपा कप्पा असतो, त्याला एक्झिफ म्हणतात. कोणता फोन, किती वाजता, किती उजेड हे सगळे तिथे लिहिलेले असते. अक्षांश-रेखांश मात्र कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल तरच उतरतात. पुष्कळांनी ते कधी तरी बंद केलेले असते आणि त्यांच्या लक्षातही नसते. शिवाय फोन खिशातून काढल्या काढल्या टिपलेल्या फोटोत कधी कधी थोड्या वेळापूर्वीची, म्हणजे मागच्या वळणावरची जागा बसते. चालत्या स्कूटरवरून मागे बसून काढलेल्या फोटोंत हा घोळ हमखास. उभे राहा, नकाशाच्या अ‍ॅपमधला निळा ठिपका स्थिर होऊ द्या, मग टिपा.

‘ग्रुपवर टाका.’ अख्ख्या संदेशातली सर्वांत घातक सूचना हीच. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना तो दाबून लहान करते आणि तो छुपा कप्पा तिथेच गळून पडतो. ग्रुपवरून उतरवलेल्या फोटोत काढण्याजोगी जागा उरलेलीच नसते, मग सॉफ्टवेअर कितीही भारी असो. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते. ईमेलला जोडली तरी जाते. आणखी एक खाच आहे. अँड्रॉइड १०पासून, म्हणजे २०१९पासून, वेगळी परवानगी नसलेल्या अ‍ॅपला फोटो देताना फोन जागेची नोंद झाकून देतो. त्यामुळे फोनच्या ब्राउझरमधून एखाद्या फॉर्मवर चढवलेले फोटोही पलीकडे कोरे पोचू शकतात. मूळ फोन आणि मूळ फाईल सांभाळणे हे पहिले काम, ग्रुपवरची हळहळ नंतर.

‘ती काढली की नकाशा तयार.’ काढणे खरेच सोपे आहे. फिल हार्वे यांचे एक्झिफटूल २००३पासून फुकट मिळते. एका आदेशात ते फोल्डरभर फोटोंची जागा, वेळ आणि दिशा तक्त्यात उतरवून देते. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये तर फोटो थेट बिंदू म्हणून आणायची सोयच आहे. घोटाळा होतो तो कोणी तरी हे आकडे हाताने एक्सेलमध्ये चढवतो तेव्हा. फाईलमध्ये अक्षांश अंश, मिनिटे आणि सेकंद अशा तीन तुकड्यांत असतो. पणजीतली एक जागा घ्या: १५ अंश २९ मिनिटे ३० सेकंद उत्तर, ७३ अंश ४९ मिनिटे ४८ सेकंद पूर्व. दशांशात हे १५.४९१७ आणि ७३.८३ होते. कोणी सरळ १५.२९३० आणि ७३.४९४८ असे लिहिले, तर बिंदू सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला आणि ३६ किलोमीटर पश्चिमेला सरकतो, थेट अरबी समुद्रात. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर पणजी पोचते नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात. पाण्यात पडलेला बिंदू निदान डोळ्यांना दिसतो. शेजारच्या वाड्यावर पडलेला दिसत नाही आणि तसाच अर्जाला जोडला जातो.

आता मुख्य मुद्दा, ज्याचा त्या संदेशात उल्लेखही नाही. फोटोत नोंदवली जाते ती फोन जिथे होता ती जागा. समोर दिसणाऱ्या डोंगराची नव्हे. पणजीत कांपालच्या किनाऱ्यावर उभे राहून मांडवीपलीकडच्या रेईश मागूशच्या डोंगराचा फोटो काढा. चित्रात लाल मातीचा उघडा कडा स्पष्ट दिसेल, नकाशावर बिंदू मात्र कांपालला पडेल. नदी ओलांडली की तालुका बदलतो. कडा बारदेशात, बिंदू तिसवाडीत. असे पाच-पन्नास बिंदू गोळा करून केलेला ‘डोंगरकापणीचा नकाशा’ हा प्रत्यक्षात लोक कुठे उभे होते याचा नकाशा असतो. रस्ता जिथे रुंद आहे आणि स्कूटर लावता येते, तिथे बिंदूंची गर्दी. कुंपणाआडच्या, वाट नसलेल्या कापणीवर एकही नाही. तो नकाशा बघून ‘या भागात काहीच चाललेले नाही’ असे कोणी म्हटले, तर ते आपणच आपल्या हाताने दिलेले प्रमाणपत्र.

यावर उपाय आहे. काही फोन कॅमेरा कोणत्या दिशेला रोखला होता तेही लिहून ठेवतात. एकाच कड्याचे दोन वेगळ्या ठिकाणांहून फोटो घेतले आणि दोन्ही दिशांच्या रेषा नकाशावर ओढल्या, तर त्या जिथे छेदतात तिथे कडा. पण फोनचे होकायंत्र गाडीजवळ किंवा लोखंडी कठड्याजवळ बहकते. दिशा १० अंशांनी चुकली तर ५०० मीटरवर जवळजवळ ९० मीटरचा फरक पडतो. म्हणून चौकटीत एखादी ओळखीची खूण येऊ द्यावी: कपेलाचा (छोट्या चर्चचा) क्रूस, विजेचा टॉवर, खाजनाच्या म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या बांधावरची मानस (पाण्याची झडप). उपग्रहचित्रावर तीच खूण शोधून जागा पक्की करता येते. हे मेहनतीचे काम आहे, आणि ‘आपोआप’ या शब्दात ते बसत नाही.

‘सर्व्हे नंबरासकट’ हा शुद्ध उत्साह. फोटोत सर्व्हे नंबर नसतो. बिंदू भू-सर्वेक्षण खात्याच्या आराखड्यावर ठेवून आपण तो वाचतो. मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनची जागा साधारण ५ मीटरच्या आत बरोबर धरतात. माडा-पोफळींच्या बागेत, म्हणजे कुळागरात, पानांच्या दाटीखाली ती त्याहून बरीच भरकटते. दशांशचिन्हापुढे आठ आकडे दिसले म्हणून हुरळू नये, पाचवा आकडाच सुमारे एका मीटरचा असतो. अरुंद शेतांच्या पट्ट्यात एवढ्या चुकीने बिंदू शेजाऱ्याच्या पोटविभागात जातो, आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या जमीन-नोंदीच्या कागदावर) नाव निघते भलत्याच भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे. तो बदनामीची नोटीस पाठवील ती वेगळी.

‘कोर्टसुद्धा नाकारू शकत नाही.’ जे एक्झिफटूल जागा वाचते, तेच जागा बदलूनही लिहिते. फोटोवर खाली छोटा नकाशा आणि पत्ता छापणारी अ‍ॅप लोकांना फार भरवशाची वाटतात, पण तो छापा म्हणजे चित्रावरची अक्षरे. काही अ‍ॅपमध्ये जागा हाताने निवडताही येते. कायदाही वेगळेच सांगतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३व्या कलमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते, आणि त्यात फाईलचे हॅश मूल्य द्यावे लागते. हॅश म्हणजे फाईलवरून काढलेली आकड्या-अक्षरांची ओळख. फाईल जराशी बदलली तरी ती बदलते. प्रमाणपत्राची सक्ती नवीही नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात तेच सांगितले होते. मूळ फोनच घेऊन मालक साक्षीला उभा राहिला तर गोष्ट वेगळी. ग्रुपवर चारदा पुढे ढकललेल्या फोटोचा मालक कोण, हेच आधी शोधावे लागेल.

उलट बाजूचा वकील एक जुना डाव टाकतो, तोही माहीत असावा. फोटोत दोन वेळा असतात: कॅमेऱ्याची स्थानिक आणि जीपीएसची जागतिक प्रमाणवेळ. सकाळी १०ला काढलेल्या फोटोत जीपीएसची वेळ ४.३० दिसते. ही साडेपाच तासांची तफावत म्हणजे छेडछाड नव्हे, तीच आपली भारतीय वेळ.

राहिली गोष्ट तक्रारदाराची. एक्झिफटूलचा तो आदेश अख्ख्या फोल्डरवर चालवला, की निवडक फोटो वेगळे राहत नाहीत. त्यात घराच्या बाल्कनीतून काढलेला पाऊस असतो, मुलीच्या शाळेबाहेरचा फोटो असतो, आणि प्रत्येकाचा एक बिंदू पडतो. अर्जाला जोडलेला नकाशा सुनावणीत समोरच्या पक्षालाही मिळतो. तेव्हा कापणीचे फोटो आधी वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, मूळ फाईलला हात लावू नका, आणि बाकीचे नकाशात येऊच देऊ नका.