व्हायकिंग मिनिएचर आणि तपकिरी रंगाचा हट्ट

टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांचे मिनिएचर, म्हणजे योद्ध्यांच्या छोट्या प्रतिकृती, रंगवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास दिला जातो. व्हायकिंग (साधारण आठव्या ते अकराव्या शतकातले स्कँडिनेव्हियातील दर्यावर्दी) योद्ध्यासाठी तपकिरी, काळा आणि धातूचा असे तीनच रंग पुरतात. कपडे मळकट ठेवावेत, अंगावर काळे चामडे दाखवावे, शिरस्त्राणाला शिंगे असावीत आणि शेवटी सगळ्यावर गडद वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, फिरवावा, म्हणजे मिनिएचर इतिहासाला धरून होते, असे त्यात सांगितलेले असते. यातून वेळ वाचतो हे मान्य आहे, पण इतिहासाच्या नावाने केलेला दावा टिकत नाही.

शिंगांचा मुद्दा लवकर आटोपतो. ही प्रतिमा रुजली ती 1876 साली जर्मनीतील बायरॉइथला झालेल्या संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांसाठी कार्ल एमिल डोप्लर यांनी केलेल्या वेशभूषेमुळे. डेन्मार्कमध्ये वेक्सो येथे 1942 साली खरोखरीच शिंगांची शिरस्त्राणे सापडली, परंतु ती कांस्ययुगातील, म्हणजे व्हायकिंगांच्या सुमारे 1,700 वर्षे आधीची आहेत. नॉर्वेतील येर्मुंडबू येथे मिळालेल्या दहाव्या शतकातील शिरस्त्राणाला डोळ्यांभोवती चष्म्यासारखे कडे आहे, शिंगे नाहीत. किटमध्ये शिंगे आलीच, तर ती कापून तेवढी जागा कानशीने घासून घ्यावी.

कपड्यांच्या रंगाबद्दलचा गैरसमज अधिक खोलवरचा आहे, आणि त्याला एक समजण्याजोगे कारणही आहे : शतकानुशतके मातीत राहिलेले कापड तपकिरीच दिसते, मग मूळ रंग कोणताही असो. इंग्लंडमधील यॉर्क येथे कॉपरगेटच्या उत्खननात मात्र व्हायकिंग काळातील थरांमधून मॅडर आणि वोड या रंगवनस्पतींचे अवशेष मिळाले आहेत. मॅडर ही आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातली, मुळांपासून लाल रंग देणारी वनस्पती आहे, तर वोडच्या पानांतून निघणारा निळा रंग हा आपल्या निळीतला तोच रंग आहे. त्यामुळे सरदाराच्या अंगरख्याला विटेसारखा लाल किंवा गडद निळा रंग दिला, तर ती अतिशयोक्ती ठरत नाही. गरीब शेतकरी आणि गुलाम यांच्यासाठी न रंगवलेल्या लोकरीचे करडे, पांढुरके आणि तपकिरी रंग योग्यच आहेत. आक्षेप आहे तो अख्खी तुकडी एकाच रंगात बुडवण्याला. ढालींबाबत तर पुरावा हातात आहे. नॉर्वेत 1880 साली उत्खनन झालेल्या गोक्स्टाड जहाजावर 64 ढाली होत्या, दोन्ही बाजूंना 32-32, आणि त्या आळीपाळीने पिवळ्या व काळ्या रंगवलेल्या होत्या.

काळ्या चामड्याच्या चिलखताचा भक्कम पुरावा या काळातून मिळालेला नाही. ज्यांना परवडत होते ते लोखंडी कड्यांचे चिलखत घालत आणि बाकीचे लोकरीच्या कपड्यांवरच लढत. म्हणून चामडे पट्टा, म्यान आणि पादत्राणांपुरतेच ठेवावे.

राहिला मळकटपणा. या लोकांच्या वस्त्यांतून आणि कबरींतून हाडांचे व शिंगांचे कंगवे (शिंगे सापडतात ती अशी!) मोठ्या संख्येने मिळाले आहेत आणि जुन्या नॉर्स भाषेत शनिवारला ‘स्नानाचा वार’ अशा अर्थाचे नाव होते. 922 साली व्होल्गा नदीकाठी रूस लोकांना (पूर्वेकडे व्यापाराला गेलेल्या व्हायकिंगांना) भेटलेल्या अरब प्रवासी इब्न फदलानने त्यांना अस्वच्छ म्हटले हे खरे, पण सगळे एकाच पात्रातील पाण्याने तोंड धुतात ही त्याची तक्रार सांगताना, ते रोज केस धुऊन विंचरतात हेही त्यानेच नोंदवले आहे.

गडद वॉशची अडचण तर इतिहासाबाहेरचीही आहे. 28 मिलिमीटरचे मिनिएचर टेबलावर हातभर अंतरावरून पाहिले जाते आणि तेवढ्या लहान पृष्ठभागावर प्रत्येक छटा असते त्याहून गडद भासते. माझ्या पहिल्या तुकडीतील बाराही योद्धे त्यामुळे कोळशाच्या ढेकळांसारखे दिसत होते. आता मी मूळ रंग एक छटा उजळ घेतो, वॉश फक्त कापडाच्या चुण्यांत आणि कड्यांच्या चिलखतावर सोडतो, उंचवट्यांवर मूळ रंग पुन्हा चढवतो आणि चिखलाचा तपकिरी रंग पादत्राणे व झग्याची खालची कड एवढ्यावरच कोरड्या ब्रशने टिपतो.