अनोळखी हुकूम

काल रात्री अकरा वाजता एका यंत्राने मला कळवलं की 'आदरणीय महोदय' हा हुकूम त्याला समजत नाही.

झालं असं की एका मुक्त सॉफ्टवेअरमध्ये (नाव घेत नाही, रोज वापरतो) 'सह्याद्रीच्या दऱ्या' लिहिलं की पडद्यावर 'सह्याद्रीच्या दर्या' उमटायचं. डोंगरात समुद्र. स्वयंपाकाला आचाऱ्यांना बोलवावं तर आचार्यांना निमंत्रण जायचं. रीतसर ईमेलने बग (म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष) कळवला. पहिल्या ओळीत पॅकेजचं, म्हणजे सॉफ्टवेअरचं, नाव, दुसरीत आवृत्ती, खाली रडगाणं. उत्तर आलं, 'हिंदीत तर बरोबर दिसतंय.' आणि बगची तीव्रता 'नॉर्मल'वरून थेट 'विशलिस्ट'. सात पायऱ्यांतली ही सगळ्यात खालची. २०११च्या जनगणनेत आम्ही मराठी बोलणारे ८ कोटींच्या वर भरलो, आणि आमचा र नीट दिसावा ही म्हणे हौस!

तीव्रता वाढवायची तर ईमेलचा पत्ता वेगळा. ही ईमेलवर चालणारी पद्धत ईयन जॅक्सन यांनी १९९४ साली डेबियन या मुक्त संगणकप्रणालीसाठी रचली. ग्नू या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातले लोकही तीच वापरतात. खातं उघडायला नको, पासवर्ड नको, पत्र टाकलं की काम झालं. मला फार आवडली होती. त्या दुसऱ्या पत्त्यावर माणूस बसत नाही, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपला अर्ज लिहिला. इंग्रजीतच, पण वळण तहसील कचेरीचं. यंत्राने ओळीओळीने समाचार घेतला.

'आदरणीय महोदय,'
अनोळखी हुकूम.

'आपण विनामोबदला राबता, याची जाणीव आहे.'
अनोळखी हुकूम.

'तरी नम्रपणे नमूद करतो की'
अनोळखी हुकूम.

अरे, वाक्य तरी पुरं होऊ दे! पण त्याच्या लेखी प्रत्येक ओळ हा नवा हुकूम. शेवटी तेच वैतागलं: अनोळखी हुकूम फार झाले, इथेच थांबतो. कचेरीतला कारकून निदान 'साहेब जेवायला गेलेत' एवढं तरी म्हणतो.

"कुणाशी भांडतोयस?" बायकोने आतून विचारलं.

"पत्त्याशी."

मग हुकुमाची भाषा शिकलो. तीव्रता, बगचा क्रमांक, नवी पायरी, सगळं एका ओळीत. तरी संस्कार आडवे आले आणि वर एक ओळ टाकली, 'थँक यू'. यंत्र तिथेच थांबलं; खालचं काही वाचलंच नाही. माहितीपुस्तकात खरंच लिहिलंय: 'थँक्स' म्हणजे पुढचं वाचू नकोस. पत्राखालच्या सहीलाही ते हुकूम समजू नये म्हणून ही सोय. आमच्या आजीला कुणी थँक यू म्हटलं की ती विचारायची, "का रे, निघालास?" तिला हे यंत्र पटलं असतं.

तिसऱ्या खेपेला नमस्कार नाही, आभार नाही, कोरडा हुकूम. यंत्राने क्षणात ऐकलं. बग 'इम्पॉर्टंट'! मी चहा टाकला. चहाला उकळी येईपर्यंत पलीकडच्या माणसाने तो पुन्हा 'विशलिस्ट'मध्ये नेऊन ठेवला होता. फुकट राबणाऱ्या माणसावर धड चिडताही येत नाही, हा वेगळाच जाच.

त्याच्या पत्राची प्रत मलाही आली. हुकमाची एक ओळ, आणि खाली 'थँक्स'. मला नव्हे, यंत्राला.