जरा बाजूला होता का?

"काका, जरा बाजूला होता का? फोटोत बीच निर्जन दिसायला हवा."

गोकर्णच्या पॅराडाइज बीचवर, डोंगराच्या चार सोंडा चढून-उतरून घामाने निथळत पोचलेल्या माणसाला हे ऐकवण्यात आलं. ऐकवणारे गृहस्थ नुकतेच होडीतून उतरले होते. पँटची इस्त्रीसुद्धा मोडलेली नव्हती. डोक्यावर केस माझ्यापेक्षा कमी, आणि काका मी!

मी चार पावलं सरकलो. "अजून थोडं." सरकलो. "तुमची सॅक येतेय." सॅक उचलली. "आता सावली." सावलीचं काय करायचं ते मला सुचेना, म्हणून मी सरळ खडकाच्या आड जाऊन बसलो. मग त्या निर्जन बीचच्या फोटोत त्यांच्या घरची नऊ माणसं, दोन छत्र्या आणि एक गाणं म्हणणारा स्पीकर उभा राहिला.

"होडीला किती पडले तुम्हाला?" फोटो संपल्यावर त्यांनी आपुलकीने विचारलं.

"चालत आलो."

"का?"

या 'का'ला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ते बायकोकडे वळले. "अगं, हे चालत आले!" वहिनींनी माझ्याकडे, तिकिटाविना पकडलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि चिवड्याचा डबा पुढे केला. मी चिवडा घेतला. स्वाभिमान चौथ्या सोंडेवर संपला होता.

आता तो 'का' कुणाला पडणार नसेल त्याच्यासाठी वाट सांगतो. महाबळेश्वराच्या देवळाकडून मेन बीचवर उतरा आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेला चालायला लागा. एवढं एक पाळलं तर नकाशा लागत नाही. वाळू संपते तिथे राममंदिर, त्याच्या पायऱ्यांनी वर जांभ्याचा सडा, म्हणजे लाल दगडाचा उघडा सपाट माथा. सड्यावर सावली औषधालाही नाही. पलीकडे उतरलं की कुडले बीच. कुडलेची वाळू या टोकापासून त्या टोकापर्यंत तुडवायची, पुन्हा चढायचं, की ओम बीच. ओमपर्यंत रिक्षा येते, त्यामुळे गर्दीही येते. खरी वाट इथून पुढे. ओमच्या दक्षिण टोकाकडून झाडीत शिरायचं, हाफमूनला उतरायचं, आणि तिथून खडक आणि झाडी आलटून पालटून पार करत पॅराडाइज. प्रत्येक सोंडेला वीस मिनिटं ते अर्धा तास धरा. माणशी तीन लिटर पाणी घ्या. हाफमूनला काही मिळेल या भरवशावर राहू नका.

चढ कुणाला मारत नाही, उतार मारतो. जांभा झिजून त्याची बारीक गोल खडी वाटेवर पसरते आणि तिच्यावर गुळगुळीत तळाची चप्पल टिकत नाही. पाऊल आडवं टाका, वजन मागच्या पायावर ठेवा, हात मोकळे ठेवा. ज्यांच्या एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात शहाळं असतं, ते या उतारावर बसूनच खाली येतात.

कडेकडेने खडकांवरून जायचा मोह सगळ्यांना होतो, कारण वर चढायचा कंटाळा. जा, पण तिथी बघून जा. तिथीला पाऊणने गुणायचं: चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पूर्ण ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे सोडा. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, तेव्हा खडकांचा विचारच नको. आणि पाणी सारख्या वेगाने चढत नाही; सहा तासांतल्या मधल्या दोन तासांतच निम्मी भरती उरकते. जाताना कोरडा ठणठणीत दिसलेला खडक तासाभराने गुडघाभर पाण्यात असतो, आणि त्याच्यावरचं शेवाळ तुमचीच वाट बघत असतं. एवढं सगळं कालनिर्णयच्या पानावरून कळतं. पण निघताना मंडळी रेंज बघतात, तिथी बघत नाहीत.

रेंजवरून आठवलं. गृहस्थ मोबाइल आकाशाकडे धरून वाळूत येरझाऱ्या घालत होते. "इथे नेटवर्क नाही?" नाही, म्हटलं. "मग लोक येतात कशाला?" मी पुन्हा निरुत्तर.

मग त्यांनी पोरांना पोहायला पिटाळलं. "तिकडे जा रे, तिकडे लाटाच नाहीत." दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मध्येच एक सपाट, गढूळसर पट्टा आहे, तर तो शांत नसतो. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्या पट्ट्यातून परत आत जात असतं, आणि माणसालाही बरोबर नेतं. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झटापट करायची नाही. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडायचं, मग वळायचं. हे मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं.

"तुम्ही इथलेच का?"

"नाही."

"मग?"

तरी वहिनींनी पोरांना हाक मारून बाहेर काढलं. डब्यातला उरलेला चिवडाही माझ्याकडे सरकवला. त्या घरात शहाणपण कुणाकडे आहे ते कळलं.

होडीबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनी होडीनेच यावं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा होड्या ओढून वर ठेवतात आणि चालणाऱ्यांनीही त्या वाटेला जाऊ नये. शेवाळाने सडाही घसरडा होतो. तक्रार स्पीकरबद्दल आहे. शांतता शोधत इतक्या लांब यायचं आणि घरचीच गाणी लावायची, हे मला कुणीतरी एकदा नीट समजावून सांगा. एकांत हवा असेल तर उपाय एकच: ओमहून उजाडताच निघा आणि पहिली होडी यायच्या आत पॅराडाइज गाठा. ती आली की तुम्ही फोटोत येता.

परतीचं गणित उलटं मांडा. डिसेंबरात सूर्य सहा वाजून गेल्यावर लगेच बुडतो आणि अर्ध्या तासात मिट्ट काळोख होतो. साडेतीन-चारला निघालात तर झाडीचा टप्पा उजेडात संपतो. ओमला आलात की पुढे रिक्षा आहेच. सूर्यास्त पॅराडाइजलाच बघायचा असेल तर कपाळाला बांधायची बॅटरी न्या. मोबाइलच्या उजेडात खडी दिसत नाही, आणि अर्ध्या वाटेत त्याची बॅटरी संपते.

हाफमूनच्या पुढे वाटा फुटतात, तिथे भलेभले चुकतात. खुणेचे दगड बघत बसू नका, रिकाम्या बाटल्या बघा. पाण्याच्या, बिअरच्या, थंड पेयांच्या, अगदी वळणावळणावर. बाटल्या दिसताहेत तोवर वाट बरोबर आहे. दहा मिनिटं एकही दिसली नाही, तर थांबा आणि मागे फिरा.