दारू नव्हे, काढा!

दारू पिणाऱ्याला लोक नावं ठेवतात. तुम्ही काढा घ्या. त्यात चाळीस टक्के अल्कोहोल असेना का, बाटलीवर हिरवं पान छापलंय ना? मग झालं. ते पान बघून यकृत अदबीनं बाजूला होतं म्हणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९८८ साली अल्कोहोलची पेयं कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात बसवली, तेव्हा हे पान बघायचं बहुधा राहूनच गेलं.

पानाचा महिमा स्वित्झर्लंडनं दाखवलाय. ऑगस्ट १९०५ मध्ये जाँ लांफ्रे नावाच्या मजुरानं गरोदर बायकोला आणि दोन मुलींना गोळ्या घातल्या. त्या दिवशी तो वाइन, कॉन्यॅक, ब्रँडी असं बरंच काही प्यायला होता. त्यात वर्मवुड या कडू वनस्पतीची अ‍ॅबसिंथ ही दारू होती दोन ग्लास. खापर फुटलं ते तिच्यावर. १९१० पासून २००५ पर्यंत तिथं तिच्यावर बंदी. वाइन मोकळी. चोर सोडून संन्याशाला सुळी! (संन्यासीही धुतल्या तांदळाचा नव्हता, सत्तर टक्क्यांपर्यंत अल्कोहोल होतं त्यात.) वर्मवुडमधल्या थुजोन या विषारी द्रव्याला लोक भ्यायचे, पण पुढे जुन्या बाटल्या तपासल्या तर ते फारसं निघालंच नाही. तेव्हा दोष द्यायचा तर पानाला, श्रेय द्यायचं तरी पानालाच. अल्कोहोलचं नाव काढायचं नाही.

विकतची नको असेल तर बरणी घ्या, ओळखीच्यानं दिलेल्या मुळ्या टाका, वर कडक दारू ओता. मुळ्या कसल्या ते विचारू नका, मन मोडतं. बचनाग निघाला तर नशीबच! पाण्यात बराच वेळ उकळला की त्याचं विष मंदावतं; दारूत कच्चाच मुरवला की झकास उतरतं. घोटाबरोबर ओठ-जीभ झिणझिणली तर समजा, लागू पडतंय. पुढे हृदयाचा ताल चुकतो आणि त्यावर नेमका उतारा नाही, पण असल्या तपशिलात कशाला शिरायचं?

अ‍ॅरिस्टोलोकिया नावाच्या वनस्पतीचं मूळ असेल तर घाई नाही. ते मूत्रपिंडांना सावकाश संपवतं.

डॉक्टरांनी विचारलं, ‘दारू घेता का?’ तर छातीठोक ‘नाही’ म्हणा. काढ्याची काय नोंद करायची? ते निर्धास्तपणे झोपेची गोळी लिहून देतील. रात्री, झोपण्याआधी. तुमच्या काढ्याची वेळही तीच.