सौजन्य: गुगल

नात्यात कुणाची पंचाहत्तरी आली की स्लाइडशो तुमच्याच गळ्यात पडणार, त्यामुळे आत्ताच एखादं नवीन फुकटातलं टूल उतरवून घ्या आणि कामाला लागा.

पहिली स्लाइड शनिवारवाड्याची, काकांचा जन्म सांगलीचा असला तरी. सर्च मारायचा, सगळ्यात झकास फोटो उचलायचा. वाडा १७३२ चा, पेशवे काही नोटीस पाठवत नाहीत! आता वाडा जुना असला तरी फोटो गेल्या वर्षीचा आहे आणि त्याचा हक्क फोटो काढणाऱ्याचा आहे, त्याने © टाकलं नसलं, रजिस्ट्रेशन केलं नसलं तरी आहे, वगैरे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असेल, पण आपला कार्यक्रम रविवारी आहे ना.

वॉटरमार्क दिसला तर क्रॉप करा. मी केला, तर त्यात दिल्ली दरवाजाच गेला, उरली थोडी भिंत आणि कुणाची तरी अर्धी छत्री. पण नाव गेलं ना, झालं तर मग.

गुगलच्या फोटो सर्चमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे मालकानेच अटींवर वापरायला दिलेल्या फोटोंचा, फिल्टर असतो, त्याच्या वाट्याला जाऊ नका. त्यातले फोटो राजरोस वापरता येतात, फक्त अटी वाचायच्या आणि बहुतेक वेळा फोटोग्राफरचं नाव टाकायचं, पण एवढं टाइप कोण करणार? त्यापेक्षा शेवटी ‘सौजन्य: गुगल’ टाका, जसं काही गुगलच कॅमेरा गळ्यात अडकवून शनिवारपेठेत फिरत होतं.

गाणं जुनं घ्या, जुनं म्हणजे फुकट. १९८५ च्या रेकॉर्डिंगचा हक्क २०४५ संपेपर्यंत चालतो म्हणे, तेव्हा काका नव्वदी ओलांडून बसलेले असतील, थांबायचं का तोवर? लग्नाच्या वरातीत गाणी वाजवायला कायद्यात सवलत आहे, तर पंचाहत्तरीलाही काकूंना परत हार घालायला लावा, झालं लग्न. मी व्हिडिओ अपलोड केला तर गाण्याचा आवाजच गायब, बावीस मिनिटं काका मुक्याने केक कापतायत, तो भाग सोडा.

आमच्या सोसायटीत एक जण आहेत, कुंपणावरच्या जास्वंदीला ‘फुले तोडू नयेत, ती आमची आहेत’ अशी पाटी लावलेली. परवा त्यांच्या स्लाइडशोत पर्वतीचा धुक्यातला फोटो आला, खाली त्यांचं नाव. अहो तो मी काढलेला, थंडीत साडेपाचला शंभरावर पायऱ्या चढून! तिथंच उठून सांगितलं, तर म्हणाले, “असूदे हो, गुगलवर होता.”