‘एकदा नोंदणी करा, सगळीकडची सरकारी कामे मिळवा’: फिरत्या संदेशातील चार दाव्यांचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील कंत्राटदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश वारंवार फिरतो आहे. त्याचा आशय असा: सरकारी व्हेंडर म्हणून एकदा नोंदणी झाली की राज्य, केंद्र आणि रेल्वे सगळीकडे कामे मिळतात, ही नोंदणी एजंटामार्फतच होते, ‘उद्यम’ (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची केंद्र सरकारची नोंदणी) प्रमाणपत्र असेल तर निविदेसोबतची अनामत रक्कम आणि अनुभवाची अट दोन्ही माफ होतात, आणि मराठी माणसाला कर्नाटकात नोंदणी मिळतच नाही, तेव्हा चंदगड किंवा कोल्हापूरच्या पत्त्यावर महाराष्ट्राची नोंदणी काढून इथली कामे घ्यावीत. यातील एकही विधान जसेच्या तसे खरे नाही, आणि नव्याने या व्यवसायात उतरणाऱ्या तरुणांनी त्यावर विसंबून कर्ज काढावे, हे मला पाहवत नाही.

सर्वांसाठी मिळून एकच नोंदणी अशी व्यवस्था मुळात नाही. कर्नाटकातील खाती, महापालिका आणि जिल्हा पंचायतीच्या ई-निविदा कर्नाटक सार्वजनिक खरेदी पोर्टलवर, म्हणजे ‘केपीपीपी’वर निघतात, केंद्रीय कार्यालयांची वस्तू व सेवांची खरेदी ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ (गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस) या पोर्टलवर होते, रेल्वेच्या निविदांसाठी ‘आयआरईपीएस’ हे रेल्वेचे स्वतंत्र पोर्टल आहे. बांधकामाच्या अनेक निविदांत याखेरीज सार्वजनिक बांधकाम खात्याकडील ठरावीक वर्गाचा परवाना मागितला जातो. उद्यमबागेत कास्टिंग करून रेल्वेला पुरवू पाहणारा कारखानदार आणि खानापूर तालुक्यात गटारीचे काम घेऊ पाहणारा कंत्राटदार यांचे मार्ग म्हणूनच वेगळे आहेत.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोंदणीमुळे फक्त स्पर्धेत उतरता येते. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १५० नुसार नोंदणीकृत पुरवठादाराचा मर्यादित, म्हणजे निवडक पुरवठादारांकडूनच मागवलेल्या, निविदेसाठी विचार होऊ शकतो, पण ती नोंदणीही १ ते ३ वर्षांच्या ठरावीक मुदतीचीच असते. राज्याच्या मोठ्या बांधकामांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘केडब्ल्यू-४’ या प्रमाणित निविदा दस्तऐवजात तर निविदाक्षमतेचे, म्हणजे किती रकमेपर्यंतचे नवे काम घेता येईल याचे, सूत्रच दिलेले आहे. मागील ५ वर्षांपैकी ज्या वर्षी सर्वाधिक रकमेची कामे केली त्या वर्षाची रक्कम, गुणिले नव्या कामाच्या मुदतीची वर्षे, गुणिले १.५, आणि त्यातून त्याच मुदतीत पूर्ण करावयाच्या हातातील कामांची रक्कम वजा. समजा एखाद्याचे सर्वाधिक काम एका वर्षात ८० लाखांचे आहे, नव्या कामाची मुदत १ वर्ष आहे आणि हाती ५० लाखांची कामे शिल्लक आहेत; तर त्याची क्षमता १२० वजा ५० म्हणजे ७० लाख ठरते. जुन्या रकमा आजच्या भावात आणण्याचा हिशेब तूर्त बाजूला ठेवला, तर ९० लाखांच्या निविदेत नोंदणी, परवाना, अनामत सारे बिनचूक असूनही तो अपात्र ठरतो. निविदा भरण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडला तर बरीचशी निराशा टळेल.

एजंटाचा दावा सर्वांत घातक आहे. १ जुलै २०२० पासूनची ‘उद्यम’ नोंदणी निःशुल्क असून ती आधारच्या बळावर स्वयंघोषणेने होते, आणि ‘जेम’वर विक्रेता म्हणून नोंदणी करण्यासही शुल्क नाही. फॉर्म भरून देण्याची मजुरी कोणी घेतली तर त्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो ऑनलाइन निविदेवर सही करण्यासाठीचे क्लास-३ डिजिटल सहीचे टोकन (पेनड्राइव्हसारखे उपकरण) आणि त्याचा पिन एजंटाच्या ड्रॉवरमध्ये कायमचा ठेवून येण्याला. त्या टोकनने केलेली सही कायद्याने तुमचीच सही असते, आणि सही करण्याची खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ ने सहीधारकावरच टाकली आहे. तुमच्या नावाने कोणी कमी दराची निविदा भरली आणि पुढे ती मागे घ्यावी लागली, तर अनामत तुमची जप्त होईल.

‘उद्यम’च्या सवलती खऱ्या आहेत, पण त्यांची हद्द संदेशात लपवली आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा २०१२ चा खरेदी आदेश केंद्रीय मंत्रालये व केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना लागू आहे. त्यानुसार अनामत माफ होते आणि वार्षिक खरेदीचा किमान २५ टक्के हिस्सा अशा उद्योगांकडून घ्यावयाचा असतो. हा आदेश उत्पादित वस्तू आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या कंत्राटांसाठी नाही. पूर्वानुभवाची शिथिलता गुणवत्तेच्या अटींवर अवलंबून असते, ती सरसकट मिळत नाही. जिल्हा पंचायतीच्या रस्त्याच्या निविदेत हे प्रमाणपत्र जोडून अनामत न भरणे म्हणजे पहिल्याच छाननीत बाद होणे.

राहिला भाषेचा दावा, जो सीमाभागात लवकर पटतो. कर्नाटक सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायदा, १९९९ मध्ये मातृभाषेची कोणतीही अट नाही. त्यात अनुसूचित जातींसाठी १७.१५ आणि अनुसूचित जमातींसाठी ६.९५ टक्के कामे, ठरावीक रकमेपर्यंत, राखीव आहेत. भाषेवरून कोणाला वगळलेले नाही. कन्नडमधील सूचना आणि पत्रव्यवहार समजून घेताना आपल्या माणसांची जी ओढाताण होते ती खरी आहे आणि तिच्याविषयी बोललेच पाहिजे, पण तिच्यावर महाराष्ट्राची नोंदणी हा उपाय नव्हे. जीएसटी नोंदणी राज्यनिहाय असते. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने आणि कर्नाटकाचा २९ ने सुरू होतो. निविदेत कर्नाटकाच्या बांधकाम खात्याचा वर्ग मागितला असेल, तर समकक्ष नोंदणी चालेल असे स्पष्ट लिहिले असल्याखेरीज कोल्हापूरचा परवाना उपयोगी पडत नाही.

निविदा स्वीकारण्याच्या आदेशात अन्याय झाला असे वाटल्यास कर्नाटकाच्या याच खरेदी पारदर्शकता कायद्याच्या कलम १६ खाली ३० दिवसांत अपील करता येते. खात्याच्या वागणुकीबद्दल गाऱ्हाणे मांडायचे असेल, तर राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार ते राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही देता येते. निविदेचे कागद मात्र निविदेत सांगितलेल्या भाषेतच द्यावे लागतात. अपिलाचे दिवस आदेश हाती पडल्यापासून मोजले जात असल्याने त्या तारखेची नोंद व पोच जपून ठेवावी.