समुद्र न पाहता क्रूझ कशी करावी

घराचे हप्ते फिटत आले आणि दोघांनाही एकाच वेळी रजा मिळाली, की मुंबई-गोवा क्रूझचे आरक्षण करून टाकावे. मात्र यजमानांना छायाचित्रणाचा छंद असल्यास तयारी काटेकोर हवी. छंद नसलेल्या जोडप्यांचे लक्ष अधूनमधून समुद्राकडे जाते, तो धोका आपल्याला पत्करायचा नाही.

दक्षिणेकडे निघालेल्या जहाजाच्या उजव्या अंगाला सूर्यास्त होतो आणि डाव्या अंगाला किनारा राहतो, हे नकाशावर एकदा बोट फिरवले तरी कळते. आपण बोट फिरवू नये. खिडकी नसलेली आतली केबिन घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत नवी झूम लेन्स आणावी. सौभाग्यवतींनी नाक मुरडल्यास "केबिनमध्ये बसायला थोडेच चाललो आहोत?" असे ठणकावून सांगावे. तिच्या दोन साड्या बाहेर काढल्या की बॅगेत ट्रायपॉड व्यवस्थित मावतो. ड्रोनही घ्यावा, तो बहुतेक जहाजांवर चालत नाही आणि तपासणीतच काढून घेतला जातो, परंतु त्या निमित्ताने आपल्याकडे ड्रोन आहे हे मागच्या संपूर्ण रांगेला समजते.

बॅलार्ड पिअरहून संध्याकाळी जहाज हलले, की सूर्य शहराच्या मागे असल्याने गेटवे आणि ताज काळ्या आकृतींसारखे दिसतात. त्या आकृतींचे सोने कसे करावे याचा आपण महिनाभर अभ्यास केलेला असतो आणि नेमकी तेव्हाच सुरक्षेच्या कवायतीची घोषणा होते. २०१२ मध्ये इटलीच्या जिलियो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळून ३२ जणांचा जीव गेला. त्या जहाजावर नुकत्याच चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायची होती. म्हणून २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेतली जाते. अशा किरकोळ कारणासाठी कलेने थांबावे काय, हा प्रश्न आपण जॅकेटचे बंद शोधणाऱ्या पत्नीला अवश्य विचारावा आणि तिला एकटीला कवायतीला धाडून डेक गाठावा. तेथून कर्मचारी आपल्याला सन्मानाने परत आणतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे कॅमेरा वातानुकूलित केबिनमधून थेट डेकवर न्यावा. खाऱ्या, दमट हवेत काच क्षणात धुरकट होते. बॅग बंद ठेवून अर्धा तास वाट पाहिली तर हे टळते, पण वाट पाहणे हा कलावंताचा पिंड नव्हे. पत्नीच्या ओढणीने लेन्स खसाखसा पुसावी. मिठाचे कण काचेवर घासले जाऊन पुढच्या सर्व छायाचित्रांना स्वप्नाळूपणा येतो, तोही कोणत्याही फिल्टरवाचून.

सूर्यास्ताची मात्र गाठ मोठी कठीण आहे. आपल्या अक्षांशावर सूर्यबिंब क्षितिजाला टेकल्यापासून बुडेपर्यंत दोन मिनिटांहून थोडाच अधिक वेळ मिळतो. लेन्स बदलण्यास हाच काळ सर्वोत्तम होय. आपण टोपण कोणत्या खिशात ठेवले ते शोधत असताना पत्नी मोबाइलवर एक फोटो काढते. त्यात क्षितिज तिरके असल्याचे तिच्या ताबडतोब नजरेस आणून द्यावे. कुटुंबाच्या ग्रुपवर त्याच फोटोला आत्याबाईंपासून सर्वांचे अंगठे येतात. तिकडे दुर्लक्ष करावे.

रात्री ट्रायपॉड रोवून तीस सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे. इंजिनाची थरथर ट्रायपॉडच्या पायांतून थेट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचते, जहाज पुढे सरकत असतेच, त्यामुळे ताऱ्यांच्या शेवया होतात. पूर्वी भाऊच्या धक्क्याहून सुटणारी कोकण बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरे घेत पणजीला जाई आणि प्रवासी कठड्याला टेकून, उलट्या आवरत का होईना, किनाऱ्यावरचे दिवे ओळखत. आता ती बंदरे अंधारात दूर राहतात, आणि आपण स्क्रीनवर शेवया मोठ्या करून पाहत असतो. सोबतीला पत्नी असते, असा आपला समज असतो. ती कधीचीच गाण्यांच्या कार्यक्रमाला गेलेली असते.

शेवटच्या दिवशी जहाजाच्या फोटो काउंटरवर एक चक्कर मारावी. जहाजावर चढताना तिथल्या छायाचित्रकाराने घाईत टिपलेला, दोघेही हसत असलेला फोटो तेथे लावलेला असतो. आपल्या मेमरी कार्डावर आपण स्वतः कुठेही नसल्याने, दोघांचा एवढा एकच फोटो उपलब्ध असतो आणि त्याची किंमत पाहून डोळे पांढरे होतात. तरीही तो मुकाट्याने विकत घ्यावा. त्यातील प्रकाशयोजना किती सपाट आहे, हे तिथल्या मुलाला समजावून सांगत बसू नये. मागे रांग असते आणि रांगेत पत्नीही असते.